तिसऱ्या गाळ्यातला डाग

रविवारी दुपारी आमच्या म्युझियममध्ये गर्दी असते ती बहुतेक पहिल्या दोन गाळ्यांत, कारण मोठमोठी कामं तिथे आहेत आणि लोकांना त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे असतात. तिसरा गाळा शांत. तिथे कागदावरची कामं आहेत, लाइट कमी, लोक आत येतात, डोळे अंधाराला सरावेपर्यंत जरा थांबतात आणि अर्धे तेवढ्यातच परत फिरतात. त्या रविवारी मात्र मी राउंड मारत तिथे पोचले तर आठ-दहा जण एका कोपऱ्यात घोळका करून उभे होते आणि दोघांचे फोन वर. मला आधी छानच वाटलं, कारण तिथे कोळशाने केलेलं एक मोठं चित्र लावलंय, ते माझं फार आवडतं आहे, कलाकाराकडून चार महिन्यांसाठी मागून आणलेलं, म्हटलं चला, कुणीतरी ते नीट बघतंय.

जवळ गेले तर चित्राकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे चित्राच्या डावीकडच्या भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर डाग होता. गुडघ्याच्या वर सुरू होऊन माझ्या खांद्यापर्यंत, ओला दिसणारा, करडा, कडेने पांढरी कापसासारखी किनार आलेली. आणि खरं सांगते, सुंदर होता तो. शेजारच्या चित्रातही असाच खालून वर चढत गेलेला कोळशाचा करडा पट्टा आहे, त्यामुळे दोन्ही एकाच हाताची कामं वाटत होती. एका मुलीने माझ्या गळ्यातलं आयकार्ड बघून विचारलं, "हे कुणाचं आहे? याला लेबल नाहीये." मी तिला म्हटलं, थांब, बघून सांगते. पण माझ्या पोटात गोळा आला होता, कारण डागाची उजवी कड चित्राच्या मागे जात होती.

मी इथे कामांची देखभाल बघते. म्हणजे एखादं काम आलं की त्याची तपासणी, कुठे ओरखडा आहे कुठे घडी आहे त्याची नोंद, ते कुठल्या उजेडात राहील, किती दमट हवेत राहील, परत जाताना तसंच्या तसं आहे ना, हे सगळं माझ्याकडे. शुक्रवारी संध्याकाळी मी याच गाळ्यात होते आणि शुक्रवारी तो डाग नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकले असते.

पुढचं कळायला इमारतीबद्दल थोडं सांगायला हवं. हे रेल्वेचं जुनं मालगोदाम. एका ओळीत सात गाळे, दोन हात जाड विटांच्या भिंती, बिडाचे खांब, वर लाकडी कैच्या. गोदाम बंद पडल्यावर बरीच वर्षं ते कुणाकुणाच्या ताब्यात होतं आणि मधल्या काळात कुणीतरी सगळ्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा मारून टाकला होता. मजबुतीसाठी, असं त्यांना वाटलं असणार. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट मारणं म्हणजे घामाने भिजलेल्या माणसाला प्लास्टिकचा शर्ट घालण्यासारखं आहे. विटेत पाणी शिरतंच, जमिनीतून शिरतं, पावसाने शिरतं. चुन्याचा गिलावा असला की ते हळूहळू बाहेर सुकून जातं, सिमेंट असलं की आत अडकतं, वाट मिळेल तिकडे वर चढतं आणि मग वीट आतून भुगा होते. म्युझियमचं काम सुरू झालं तेव्हा आधी ते सिमेंट काढलं, गुडघ्यापर्यंतच्या कुजलेल्या विटा बदलल्या आणि पुन्हा चुना लावला, विटा दिसत राहतील इतका पातळ. त्या कामावरचे गवंडी मला एकदा चुन्याची गोष्ट सांगत होते ती मी कधी विसरणार नाही. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशाला भाजायची की त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विरवायचा, भिंतीला लावायचा, आणि मग तो भिंतीवर बसून हवेतला तोच वायू परत ओढून घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. दगड निघाला होता तिथेच परत पोचतो. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो, एवढंच ते म्हणाले होते.

बदललेल्या विटा जुन्यांपेक्षा किंचित लालसर आहेत आणि त्या तशा मुद्दाम ठेवल्यात. जुन्या इमारतीत नवीन भरलेला भाग एकूण दिसण्यात मिसळावा पण नीट बघणाऱ्याला नवा म्हणून ओळखू यावा, हे १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्येच लिहिलंय आणि मला ते फार पटतं. दुरुस्ती लपवायची नाही. बरेच व्हिजिटर विचारतात की खालच्या विटांचा रंग वेगळा का, मी दरवेळी न कंटाळता सांगते.

आता अशा इमारतीत चित्रं लावायची कशी? जुन्या भिंतीत खिळा मारायचा नाही, हा पहिला नियम. पॅरिसला बूर्स द कोमर्स म्हणून धान्यबाजाराची जुनी गोल इमारत आहे, तिथे २०२१ मध्ये म्युझियम उघडलं तेव्हा तादाओ आंदो या जपानी आर्किटेक्टने घुमटाखाली ९ मीटर उंच आणि २९ मीटर व्यासाचं काँक्रीटचं एक गोल कडं उभं केलं, जुन्या इमारतीत दुसरी इमारत ठेवावी तसं. आमचं म्युझियम त्यामानाने फारच लहान पण युक्ती तीच. जुन्या भिंतीपासून चार इंच सोडून फळ्यांच्या स्वतंत्र भिंती उभ्या केल्यात, चित्रं त्यांच्यावर. उद्या कुणाला नको वाटल्या तर काढून टाकता येतील, जुन्या भिंतीला साधं भोकही पडलेलं नसेल. या फळ्यांच्या भिंतींसाठी मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त मीच भांडले होते. आणि त्या रविवारी तो डाग बरोब्बर फळीच्या मागून बाहेर येत होता.

पहिलं काम चित्र काढायचं. गाळ्याच्या तोंडाशी दोरी लावली, लोकांना विनंती केली, कुणीही कटकट केली नाही, उलट जाता जाता दोघांनी डागाचे शेवटचे फोटो काढले. कोपऱ्यात फळीजवळ हातातलं यंत्र धरलं तर हवेतली आर्द्रता ६६ टक्के. गाळ्याच्या मधोमध ५४. एवढ्या छोट्या जागेत बारा टक्क्यांचा फरक म्हणजे त्या कोपऱ्यात हवा हलतच नाहीये. मागून आणलेल्या कामांसाठी जगभरातली मोठी म्युझियम्स आता साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान एवढ्या पट्ट्यात राहायचं धरून चालतात, दिवसाभरात फार वरखाली होऊ द्यायचं नाही हे महत्त्वाचं. कागद तर हवेबरोबर फुगतो आणि आवळतो, आणि ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीला आमंत्रण.

मी आणि इन्स्टॉलेशन टीममधला दादा, दोघांनी मिळून चित्र उतरवलं, दुसऱ्या गाळ्यामागच्या खोलीत टेबलावर पालथं ठेवलं आणि मागचा बोर्ड उघडला. टॉर्च आडवा धरायचा, अगदी कागदाच्या पातळीत, म्हणजे कागदाला जरा जरी लाट आली असली तरी सावली पडते. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लाट होती. हाताच्या तळव्याएवढी. बुरशी नाही, डाग नाही, कोळसा कुठे सरकलेला नाही, फक्त एक हलकीशी लाट, जी माझ्या आधीच्या नोंदीत नव्हती. दादा म्हणाला, "बसेल ती आपोआप." बसलीही नंतर चार दिवसांत, कोरड्या खोलीत. पण त्या क्षणी मी तिथे उभी राहून रडायच्या बेतात होते, कारण कुणीतरी आपली वर्षभराची मेहनत आपल्या भरवशावर पाठवतं आणि आपण ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवतो.

मग सुरू झाला पाण्याचा शोध. इमारतीची देखभाल बघणारी टीम तासाभरात आली, त्यांनी ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं, दोन सुया असतात त्याला, आणि ते एकदम शेवटच्या आकड्याला जाऊन बीप बीप करायला लागलं. झालं, सगळे म्हणाले पाणी आहे. वरून येतंय का बघायला एक जण छतावर चढला, पन्हळी कोरड्या ठाक, आठ दिवस पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं. त्या भिंतीतून नळाची पाइपलाइन जात नाही. मग जमिनीतून चढतंय म्हणावं तर सुया गुडघ्याखाली लावल्या की यंत्र गप्प. जमिनीतून पाणी वर चढणार आणि खालचा दीड फूट कोरडा राहणार? कुणालाच काही सुचेना. शेवटी ठरलं की सोमवारी म्युझियम बंद असतं तेव्हा फळ्या काढायच्या आणि गरज पडली तर गिलावा उकरून आत बघायचं. उकरायचं म्हटल्यावर मला फार लागलं, पण दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी मी तिथेच बसले होते डागासमोर, आणि सफाईच्या मावशी मॉप घेऊन आल्या. त्या आमच्याकडे म्युझियम उघडल्यापासून आहेत, रोज सकाळी आणि बंद झाल्यावर, सातही गाळे. त्यांनी डागाकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "आज लई वर चढलाय ना ताई."

मी म्हटलं, आज म्हणजे? मावशी, हा आधी होता?

"होता की. तीन महिने झाले. रविवारी येतो. मंगळवारपर्यंत थोडा असतो, बुधवारी बघा, काही नसतं. नुसती पांढरी पावडर राहते खाली, ती मी झाडून घेते. परवा ढगाळ होतं तेव्हा शनिवारीच आला. पयल्यांदा फळीच्या मागं होता, वाकून बघितलं तर दिसायचा, आता भायेर आला."

मी सुन्न. शुक्रवारची माझी शपथ अगदी खरी होती, कारण माझी राउंड शुक्रवारी असते आणि शुक्रवारी तो कधीच दिसत नव्हता. मी विचारलं, मावशी, मग कुणाला सांगितलं का नाही? त्या जरा गडबडल्या. म्हणाल्या, "मला काय माहीत ताई, ते चित्राचंच असंल म्हणून. ट्रेनिंगला सांगितलेलं, इथलं काय कळलं नाही तरी हात लावायचा नाही, पुसायचं नाही. मी फडकं बी लावलं नाही त्याला. जमिनीवरचीच पावडर तेवढी घेतली."

हे त्यांचं ट्रेनिंग आम्हीच घेतलेलं आहे, आणि ते तसं घेण्यामागे कारणही आहे. जर्मनीत डॉर्टमुंडला एका जुन्या ब्रुअरीच्या उंच इमारतीत म्युझियम आहे, तिथे २०११ मध्ये मार्टिन किपेनबर्गर या कलाकाराच्या कामाचं असंच झालं. लाकडी फळ्यांचा एक मनोरा आणि त्याखाली एक रबरी घमेलं, घमेल्यात पाणी सुकून राहिल्यासारखा रंगाचा थर, आणि कामाचं नाव काय तर छतातून ठिबकायला लागतं तेव्हा, अशा अर्थाचं. सफाई करणाऱ्या बाईंनी तो थर घाण समजून घासून स्वच्छ केला. विम्याला त्या कामाची किंमत ८ लाख युरो लावलेली होती. डसेलडॉर्फला जोसेफ बॉइस या कलाकाराने खोलीच्या कोपऱ्यात लावलेलं लोणी १९८६ मध्ये असंच साफ झालं होतं. या गोष्टी आमच्या कामात सगळ्यांना पाठ असतात आणि ट्रेनिंगमध्ये सांगितल्या जातात, आणि ऐकणारा घाबरतो. म्हणून आम्ही मावशींना शिकवलं की हात लावू नका. बघितलेलं येऊन सांगा, हे शिकवायचं मात्र राहिलं. माझं राहिलं, कारण ते सेशन मीच घेतलं होतं. मी मावशींची तिथल्या तिथे माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो ताई काय हे," आणि मग आम्ही दोघी खाली बसलो आणि त्यांनी मला गेल्या तीन महिन्यांचं सगळं सांगितलं. कुठल्या आठवड्यात कुठल्या विटेपर्यंत. त्या विटा मोजतात. खालच्या लाल विटांवरून पहिली, दुसरी, तिसरी असं. त्यांच्या बोटाखाली डागाची वरची कड होती आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती कड सरळ आहे. फुटपट्टीने आखल्यासारखी आडवी. ओल अशी कधी सरळ चढत नाही, ती ढगासारखी वेडीवाकडी पसरते.

मग मी रात्री घरी न जाता डेटालॉगर उघडला. प्रत्येक गाळ्यात एक छोटी डबी असते, ती दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवते. तिसऱ्या गाळ्याचा तीन महिन्यांचा ग्राफ काढला आणि मावशींनी सांगितलेले दिवस पेन्सिलने त्यावर टिपत गेले. दर रविवारी दुपारी रेषा वर. ढगाळ शनिवारी वर. बुधवारी खाली. एकही दिवस चुकला नाही. मधल्या डबीत रेषा ५८ च्या वर कधी गेलीच नव्हती म्हणून अलार्म वाजला नव्हता, आणि अलार्म वाजला नाही म्हणून मी ग्राफ उघडून बघितला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी काय बदललं होतं? चौथ्या गाळ्यात एक व्हिडिओचं काम सुरू झालं होतं, त्याची रांग रविवारी तिसऱ्या गाळ्यातून लागते. माणूस नुसता शांत बसला तरी श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. तीस माणसं तासभर उभी म्हणजे दीड लिटर. ते पाणी भिंतीकडे जात होतं हे कळलं, पण मग एवढ्याशा दमट हवेने एकच भिंत का भिजावी, बाकीच्या तीन कोरड्या, हे काही सुटेना.

सोमवारी सकाळी फळ्या काढल्या. मागे भिंतीभर पांढरी लव उगवली होती. आपण घरी ज्याला लोणा म्हणतो तो, पण एवढा दाट मी कधी बघितला नव्हता, बारीक बारीक सुयांसारखे खडे, टॉर्च मारला की चमकायचे, श्वास लागला तरी हलायचे. आणि सगळा एका चौकोनात. खाली नवीन विटांपासून वर त्या सरळ कडेपर्यंत, आणि दोन्ही बाजूंनाही अशाच सरळ कडा. कुणीतरी भिंतीला मोठी पेटी टेकवून ठेवली होती आणि आता उचलून नेली, असा आकार.

कुंच्याने थोडा लोणा काचेच्या नळीत घेतला, शुद्ध पाण्यात विरघळवला, आम्लाचा थेंब टाकला आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ही साधी शाळेतली टेस्ट आहे, क्लोराइड असेल तर असं होतं. मीठ. साधं, खायचं मीठ. नायट्रेटच्या पट्टीनेही थोडा रंग दाखवला, म्हणजे सोबत आणखी काही क्षार होते.

मग मी इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळची फाइल काढली. तीनशेच्या वर पानं आहेत तिची, आणि मी तिच्यातला छताचा आणि जमिनीच्या ताकदीचा भाग वाचलेला होता कारण जड कामं ठेवताना ते लागतं. मागच्या बाजूला गोदामाच्या जुन्या नकाशाची एक प्रत लावलीय, त्यात प्रत्येक गाळ्यावर बारीक अक्षरात लिहिलंय तिथे काय ठेवायचे ते. पहिला कापूस. दुसरा धान्य. तिसऱ्यावर लिहिलं होतं, मीठ.

किती वर्षं ती पोती त्या भिंतीला थप्पी लावून ठेवली असतील देव जाणे. थप्पीची उंची म्हणजे डागाची वरची कड. पोत्यांतलं मीठ पावसाळी हवेत पाझरून विटेत गेलं, खोलवर गेलं, वरून सिमेंट बसलं तेव्हा आतच राहिलं. दुरुस्तीत गुडघ्यापर्यंतच्या विटा बदलल्या म्हणून तेवढा भाग कोरडा. वरच्या विटा चांगल्या होत्या म्हणून ठेवल्या, आणि ते बरोबरच होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे डब्यातल्या मिठावरून सगळ्यांना माहीत असतं, शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं, आणि त्यात दुसरे क्षार मिसळलेले असले तर त्याहून कमी आर्द्रतेलाच. आमच्या कोपऱ्यात हवा ६६ होती, पण जाड भिंत हवेपेक्षा थंड असते आणि थंड भिंतीला चिकटलेली हवा आणखी दमट होते, आणि वर फळीने तिला कोंडून ठेवलेलं. म्हणजे पाणी ना छतातून येत होतं ना जमिनीतून. भिंत लोकांचा श्वास पीत होती. आणि यंत्राचं बीप बीप? ते यंत्र पाणी थेट मोजत नाही, दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते मोजतं, आणि मीठ असलं की थोड्याशा ओलीतही वीज सहज जाते. मीठ लागलेल्या भिंतीवर ते यंत्र फसवतं हे मी शिकलेले होते, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि रविवारी दहा माणसांच्या गडबडीत मला ते आठवलं नाही.

गिलावा उकरायची गरज पडली नाही याचा मला किती आनंद झाला सांगू शकत नाही. पण खरी काळजीची गोष्ट मावशींच्याच वाक्यात होती, येतो आणि जातो. डाग कायम ओला राहिला असता तर नुकसान उलट कमी झालं असतं. मीठ ओलं झालं की विटेच्या बारीक छिद्रांत शिरतं, सुकलं की तिथे खडा बनतो, खडा वाढताना छिद्राच्या भिंती ढकलतो, पुन्हा विरघळतो, पुन्हा खडा. दर आठवड्याला एकदा. मावशी जी पांढरी पावडर झाडून घेत होत्या त्यात मिठाबरोबर चुन्याचा भुगाही होता, म्हणजे गिलावा रोज थोडा थोडा जमिनीवर येत होता.

उपाय काय केला तर भिंतीला पोटीस बांधली. खरंच तोच शब्द वापरतो आम्ही. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात कालवायचा, दोन सेंटिमीटर जाड थर भिंतीवर हाताने दाबून बसवायचा आणि सावकाश सुकू द्यायचा. आधी पाणी भिंतीत जातं, मीठ विरघळवतं, मग सुकताना मिठाला घेऊन लगद्यात येतं. सुकला की लगदा पापडासारखा सुटतो, त्याचा तुकडा पाण्यात टाकून त्या पाण्यातून वीज किती जाते ते मोजलं की कळतं किती मीठ आलं. पहिल्या थराने भरपूर आणलं, दुसऱ्याने कमी, तिसऱ्याने अगदी थोडं. तिथे थांबलो. सगळं मीठ कधीच निघत नाही, खोल आत आहे ते तिथेच राहणार, आपण फक्त वरवरचा त्रास कमी करू शकतो. फळीची भिंत चार इंचांवरून फूटभर पुढे घेतली, खाली आणि वर हवेला वाट ठेवली, व्हिडिओची रांग बाहेरच्या व्हरांड्यात नेली, आणि एक डेटालॉगर मधून काढून त्या कोपऱ्यात फळीमागे बसवला, जिथे तो आधीपासून असायला हवा होता.

चित्राचा कलाकार फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेत होता. लाटेचा फोटो पाठवला, बसल्यानंतरचा पाठवला. मग तो म्हणाला डागाचा पाठव. तो बघून त्याचा लगेच फोन, की चित्र परत तिथेच लाव, डागाशेजारी, मला दोन्ही एकत्र हवेत. क्युरेटरलाही ते पटलं. तिने लंडनच्या टेट मॉडर्नचं उदाहरण दिलं, ते म्युझियमही जुन्या वीजघरात आहे आणि तिथे टर्बाइन हॉलच्या जमिनीत २००७ मध्ये डोरिस साल्सेदोने १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती, तीच कलाकृती, प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली पण तिचा व्रण जमिनीवर अजून दिसतो. इमारतीची जखम आणि कला यांच्यात एवढी भिंत कशाला, असं तिचं म्हणणं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू, रविवारी त्या दोघांना शेजारी बघून मलाही तेच वाटलं होतं. पण ती भेग काँक्रीटची होती आणि हे चित्र कागदाचं आहे. मी नाही म्हणाले. कलाकार स्वतः हो म्हणत असतानाही नाही म्हणाले, आणि त्यावर दोन दिवस बरीच ताणाताणी झाली. शेवटी चित्र पाचव्या गाळ्यात गेलं आणि डागासाठी वेगळं ठरलं.

त्या कोपऱ्यातली पुढे घेतलेली फळी मग काढूनच टाकली. भिंत उघडी ठेवलीय आणि एक लेबल लावलंय. गोदाम, मिठाची पोती, सिमेंट, चुना, आणि दमट दिवशी इथे डाग दिसेल, तो तुमच्या श्वासामुळे आहे, असं सगळं साध्या भाषेत. खाली लिहिलंय की हा डाग पहिल्यांदा इथल्या सफाई कर्मचाऱ्यांच्या लक्षात आला. मावशींचं नाव लिहायचं होतं, त्यांनीच नको म्हटलं. लोक तिथे आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात, मुलं भिंतीवर फुंकर मारून बघतात, मग आमचा गार्ड त्यांना हळूच एक पाऊल मागे घेतो.

आणि तिसऱ्या गाळ्याच्या दाराशी एक वही ठेवलीय. मावशींनी सकाळ-संध्याकाळ तारीख आणि वीट नंबर लिहायचा, एवढंच. गेल्या रविवारी गर्दी होती, बाहेर ढग होते, बंद झाल्यावर मी गेले तर त्या भिंतीजवळ वाकून बोटाने मोजत होत्या, हवेतच, बोट न टेकवता. म्हणाल्या, "तिसरीवरच हाय आज. मागल्या वेळी सहावी होती." मग वही उघडून त्यांनी तारखेपुढे तीनचा आकडा काढला, आणि शेजारी स्वतःहूनच लिहिलं, पावडर नाही.